झाडासमोर बसूनही मन स्वस्थ होत नाही

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या पंचेचाळिशीच्या असून एका कार्यालयाच्या हिशेब विभागात काम करतात. घरी शाळकरी वयाची दोन मुले आणि वृद्ध वडील आहेत, आणि वडिलांचे औषधपाणी त्याच पाहतात. वर्षभरापासून त्यांना पहाटे फार लवकर जाग येते, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते आणि खांदे सतत आखडलेले असतात. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा डॉक्टरांनी ताण कमी करा, रोज थोडा वेळ निसर्गाच्या सान्निध्यात बसा, असे सुचवले. त्याप्रमाणे तीन महिने त्या रोज सकाळी पंधरा मिनिटे सज्जात बसून समोरच्या झाडाकडे पाहतात. मिनिटे मोजण्यासाठी आणि मन किती शांत झाले याची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी मोबाइलवर एक ॲपही घेतले आहे. त्या लिहितात : ‘दुसऱ्याच मिनिटाला डोक्यात दिवसभराच्या कामांची यादी सुरू होते. सगळ्यांना ज्यातून शांतता मिळते ते नुसते बसणेही मला जमत नाही. माझ्यातच काही उणे आहे का? की एक झाड पुरत नाही म्हणून आठवडाभर रजा काढून डोंगरात जाऊन राहावे? घरात कामे पडलेली असताना मी बसून राहते याची टोचणीही लागते.’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘जमत नाही’ या शब्दांपाशी थांबले. आधीच कितीतरी गोष्टी जमवून नेणाऱ्या बाईच्या खांद्यावर आणखी एक जमवण्याची गोष्ट येऊन बसली आहे, असे मला ते वाचताना वाटले आणि वाईटही वाटले. ज्या पंधरा मिनिटांत तुमच्याकडून कोणी काही मागू नये, त्या पंधरा मिनिटांतही तुम्ही स्वतःची परीक्षा घेत आहात, आणि रोज स्वतःला नापास करीत आहात. तुमच्यात काही उणे आहे असे मला वाटत नाही. तुम्ही ज्या अपेक्षेने झाडासमोर बसता, ती अपेक्षा मात्र तपासून पाहायला हवी.

ती अपेक्षा अशी की झाडाकडे पाहिले की मन शांत ‘वाटले’ पाहिजे, आणि तसे वाटले नाही तर ते पाहणे वाया गेले. याविषयी एक प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन या संशोधकांनी काही जणांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून सुमारे तासभर चालायला पाठवले आणि दोन्ही वेळा आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवण्याची चाचणी घेतली. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. वृक्षोद्यानातून चालून आल्यावर ही चाचणी अधिक चांगली जमली, रस्त्यांवरून चालून आल्यावर तसा फरक पडला नाही. मला त्यातील महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. काही जण जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत चालले होते, त्यांना ते चालणे विशेष आवडलेही नव्हते, तरीसुद्धा लक्ष ताजेतवाने होण्याचा लाभ त्यांना मिळालाच. असे प्रयोग लहान असतात, त्यांत भाग घेणारे थोडे असतात, म्हणून एकाच प्रयोगावर सगळा भार टाकू नये. तरीही एवढे म्हणता येईल की त्या क्षणी प्रसन्न वाटणे आणि थकलेल्या मनाला विसावा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली घडली नाही म्हणून दुसरीही घडली नाही असे मानण्याचे कारण नाही.

थकते ते नेमके काय, हेही पाहू. तुम्ही हिशेबाचे काम करता. आकड्यांची बेरीज करताना शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकू येऊ द्यायचे नाही, मध्येच वाजलेल्या फोनने ओळ चुकू द्यायची नाही, वडिलांच्या दुपारच्या गोळीची आठवण आली तरी ती क्षणभर बाजूला सारायची, असे तुमचे मन दिवसभर करीत असते. काम करण्याइतकेच श्रम हे बाकीचे सगळे थोपवून धरण्यात जातात. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८० च्या दशकात हाच विचार मांडला. मुद्दाम एकाग्र केलेले लक्ष वापरून वापरून थकते, आणि ते थकले की माणूस चिडचिडा होतो, विसरभोळा होतो, छोटे निर्णयही त्याला जड जातात. मात्र लक्षाचा आणखी एक प्रकार आहे, त्याला जोर लावावा लागत नाही. हलणारी पाने, सरकणारे ढग, पाण्यावरची थरथर यांच्याकडे डोळे आपोआप जातात, पण या गोष्टी आपल्याला जखडून ठेवत नाहीत. दूरदर्शनवरील थरारक दृश्य मन पूर्ण व्यापून टाकते, पानांची सळसळ मात्र मनात जागा शिल्लक ठेवते.

त्या शिल्लक जागेतच तुमची कामांची यादी येते. तुम्ही तिला अपयश समजता. दिवसभर दाराबाहेर थोपवून धरलेली माणसे दार किलकिले होताच आत यावीत, तसे ते आहे, आणि त्यात अनपेक्षित काहीच नाही. यादी आली तर येऊ द्या. तिला हाकलण्यासाठी जोर लावलात, तर जे लक्ष विसाव्यासाठी बसले आहे त्यालाच तुम्ही पुन्हा कामाला लावाल. शेजारी एक कागद ठेवा, खरोखर विसरून चालणार नाही असे एखादे काम आठवले तर ते दोन शब्दांत टिपून घ्या आणि डोळे पुन्हा फांदीकडे वळवा. पंधरा मिनिटांत वीस वेळा वळवावे लागले तर वीस वेळा वळवा.

फांदीकडे असे मी मुद्दामच म्हटले. अख्खे झाड ही पाहण्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. त्याच्याकडे नजर टाकली की मन ‘झाड आहे’ एवढी नोंद करते आणि मोकळे होते, मग त्या रिकाम्या जागेत चिंता शिरतात. म्हणून हातभर लांबीची एकच फांदी निवडा आणि शांत होण्याच्या इराद्याने तिच्याकडे पाहू नका, तिथे काय चालले आहे हे कळावे म्हणून पाहा. सर्वांत कोवळे पान कोणते? त्याचा रंग हिरवा आहे की तांबूस? अनेक झाडांची कोवळी पालवी तांबूस असते आणि पुढे हिरवी होत जाते, तो बदल किती दिवसांत होतो हे तुमच्या झाडापुरते तुम्हीच शोधून काढू शकता. वारा आला की आधी कोणती पाने हलतात, देठ लांब असलेली की आखूड? खोडावर मुंग्यांची रांग असेल तर वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या मुंग्या समोरासमोर आल्यावर काय करतात? त्या मिशांनी एकमेकींना स्पर्श करून पुढे जातात, आणि ज्या वाटेवरून त्या चालतात ती वाट आधी गेलेल्या मुंग्यांनी सोडलेल्या गंधाची असते. फांद्यांच्या बेचक्यात कोळ्याचे गोल, चक्राकार जाळे दिसले तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाहा, कारण असे जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि रोज नवे विणतात. यातले काहीच घडले नाही, तर उन्हाची कड कोणत्या पानावर आहे हे पाहा आणि बसून उठेपर्यंत ती कुठवर सरकली तेही पाहा.

असे प्रश्न घेऊन बसण्यात मोठा फरक आहे. ‘मी शांत झाले का?’ असे विचारताच नजर स्वतःकडे वळते, आणि ताणलेल्या मनाला स्वतःकडे पाहण्यासारखे दमवणारे दुसरे काही नाही. ‘ते पान उघडले का?’ असे विचारले की नजर बाहेर जाते. तुमच्या पत्रात झाडाचा उल्लेख पाच वेळा आहे, पण ते कोणते झाड आहे, त्याला या तीन महिन्यांत पालवी फुटली की पानगळ झाली, याविषयी एक शब्दही नाही. हा दोष देत नाही. तीन महिने तुम्ही झाडासमोर बसून स्वतःलाच निरखत होतात, आणि त्यामुळेच तुम्ही थकलात, असे मला वाटते.

माझ्या आयुष्यातील एक प्रसंग इथे सांगते. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका आजारी माणसाच्या उशाशी मला तीन आठवडे बसावे लागले. त्या खोलीच्या खिडकीबाहेरील कठड्यावर कबुतराचे घरटे होते, म्हणजे चार-पाच काटक्या आणि दोन अंडी एवढेच. दुसरे काही पाहण्यासारखे नव्हते म्हणून मी ते पाहू लागले. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की सकाळ थोडी वर आली की बसलेले कबूतर उठते आणि दुसरे येऊन त्याच्या जागी बसते, आणि उतरत्या दुपारी पुन्हा अदलाबदल होते. कबुतरांत नर दिवसा आणि मादी उरलेला वेळ अंडी उबवते, हे मी नंतर वाचले. त्या तीन आठवड्यांत माझी काळजी तसूभरही कमी झाली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या अदलाबदलीची वेळ जवळ आली की मी खिडकीकडे वळत असे, आणि तेवढ्या मिनिटांत माझे आवळलेले दात सुटलेले असत. हे मला त्या वेळी कळलेही नाही, पुष्कळ नंतर कळले.

आता मोबाइलविषयी. तो सज्जात नेऊ नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मिशिगन विद्यापीठातीलच मेरीकॅरल हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीनदा, निसर्गाशी नाते जाणवेल अशा कोणत्याही जागी किमान दहा मिनिटे घालवायला सांगितले होते. जागा, दिवस आणि वेळ ज्याची त्याने ठरवायची होती. मात्र त्या वेळात फोन, इंटरनेट, वाचन आणि गप्पा टाळायच्या होत्या. लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे मोजमाप केल्यावर दिसले की ते सर्वांत वेगाने उतरते ते वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत, त्यापुढेही लाभ होतो पण त्याचा वेग मंदावतो. यातला आकडा धरून बसू नका, एवढी मोकळीक दिली तरी फोन मात्र दूर ठेवायला सांगितला होता, हे ध्यानात घ्या. तुमचे ॲप तर त्याहून पुढे जाऊन दर दिवशी तुम्हाला गुण विचारते. ते काढून टाका. त्याऐवजी एक वही घ्या आणि तारीख घालून एकच ओळ लिहा, पण ती ओळ झाडाविषयी असू द्या, स्वतःच्या मनःस्थितीविषयी नको. ‘वरच्या फांदीवरचे जाळे आज नाही’ एवढी ओळ पुरे.

सकाळची वेळही बदलून पाहावी असे मी सुचवते. सकाळी साऱ्या दिवसाची कामे तुमच्यासमोर रांग लावून उभी असतात, तुम्ही नाव काढण्याआधीच ती ओ देतात. कामावरून घरी आल्यावर, कोणत्याही कामाला हात लावण्यापूर्वीची दहा मिनिटे घेऊन पाहा. त्या वेळी पाहण्यासारखेही अधिक असते. पक्षी रात्रीच्या थाऱ्याला परततात आणि जागेवरून भांडतात. काही झाडांची पाने अंधार पडू लागताच मिटतात. लाजाळूचे रोप असेल तर हे अगदी जवळून दिसेल. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे रोप अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा प्रकाश नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. सजीवांच्या शरीरात स्वतःचे घड्याळ असते, या शोधाची सुरुवात अशा साध्या पाहण्यातून झाली.

टोचणीविषयी तुम्ही शेवटी एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या मते तुमच्या पत्रातले ते सर्वांत जड वाक्य आहे. ‘विश्रांती घेतली की काम चांगले होते’ असे सांगून तुमची समजूत काढता आली असती, आणि ते खोटेही नाही. पण मला तसे करायचे नाही, कारण त्यामुळे ती दहा मिनिटेसुद्धा कामाच्याच खात्यावर जमा होतात. तुम्ही माणूस आहात आणि दिवसातला काही वेळ कोणाच्याही उपयोगी न पडता असण्याचा तुम्हाला हक्क आहे. घरच्यांना हे एकदा शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगा : ‘मी दहा मिनिटे बाहेर बसते आहे, त्या वेळात काही लागले तर थोडे थांबा.’ मुले एवढे थांबू शकतात. वडिलांची प्रकृती ठीक असेल तर आठवड्यातून एक-दोन दिवस त्यांची खुर्चीही तुमच्याशेजारी मांडा. वयस्कर माणसांना पक्ष्यांच्या आणि झाडांच्या कितीतरी गोष्टी ठाऊक असतात, त्यांना कोणी त्या विचारत नाही. मात्र उरलेले दिवस तुमचे एकटीचे असू द्या.

इतके सगळे लिहूनही एक गोष्ट राहते, आणि ती सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. झाड तुमचे काम कमी करणार नाही. हिशेबाचे काम दोघांचे असेल आणि ते तुम्ही एकट्या करीत असाल, वडिलांच्या औषधांच्या वेळा फक्त तुमच्याच डोक्यात असतील, तर त्या ओझ्यावर उपाय झाडापाशी नाही. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि त्यांतली एक वेळ घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी कायमची सोपवा. भावंडे असतील तर त्यांच्याशी बोला. कार्यालयात कामाच्या वाटणीविषयी वरिष्ठांशी बोलायचे असेल तर आधी महिनाभर, कोणत्या कामाला किती वेळ गेला, हे तारखेनिशी लिहून ठेवा; हिशेब मांडणे तुम्हाला जमतेच. ताणाचे कारण जागच्या जागी ठेवून माणसाला फक्त शांत राहायला शिकवणे मला योग्य वाटत नाही, आणि निसर्गाचा असा वापर तर मुळीच योग्य वाटत नाही.

पहाटे लवकर जाग येण्याविषयीही सांगायला हवे. तिच्या जोडीला मन सतत उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि ही लक्षणे याच शब्दांत सांगा, किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटल्याचा विचार मनात आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. अशा वेळी सज्जातली दहा मिनिटे सोबतीला असू द्यावीत, उपचाराच्या जागी नकोत.

डोंगरात जाण्याविषयी माझे उत्तर थोडक्यात असे आहे : जावेसे वाटत असेल तर आनंदासाठी जरूर जा, उपचार म्हणून जाऊ नका. आठवडाभरात मन दुरुस्त करून परतायचे असे ठरवून गेलात तर तिथेही परीक्षाच होईल, आणि या वेळी ती खर्चिक असेल. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात असे आढळले की आठवड्यातून १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये प्रकृती चांगली असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते, आणि तो वेळ एकदम घालवला की थोडाथोडा करून, याने फरक पडत नव्हता. त्यात घरच्या बागेतला वेळ धरलेला नव्हता, आणि अशा अभ्यासातून कार्यकारणाचा निर्वाळा मिळत नाही, हे खरे. तरी ज्यांना आठवड्याची रजा मिळणे शक्य नाही अशा सर्व वाचकांना त्यातून धीर घेता येईल. शिवाय रोजच्या जागेचा एक लाभ डोंगराला देता येत नाही. काल ते पान मिटलेले होते आणि आज उघडले, हे फक्त काल तिथे असलेल्या माणसालाच दिसते.

अनेक वाचकांना समोर एखादे झाडही नसते, हे मी जाणते. रॉजर उल्रिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांच्या तुलनेत, तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. म्हणजे खिडकीतून दिसणारी झाडेही कामी आली. खिडकीत तेही नसेल तर कुंडीतले एखादे रोप पाहा. आणि आकाशाचा तुकडा बहुतेकांच्या वाट्याला येतोच. ढगांच्या प्रकारांना आज जगभर जी लॅटिन नावे वापरली जातात, त्यांचा पाया १८०२ साली ल्यूक हॉवर्ड या लंडनमधील औषध व्यावसायिकाने घातला, तोही नोकरी-धंदा सांभाळून ढग पाहणारा माणूस होता. कापसाच्या पुंजक्यासारखा एखादा लहान ढग निवडून तो विरेपर्यंत पाहिला तर अनेकदा पाऊण तासही लागत नाही. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांनी पहाटे सर्वांत आधी कोणता पक्षी बोलतो हे ऐकावे. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांनी चंद्र एकदा उगवताना दिसला की ती वेळ लिहून ठेवावी आणि दुसऱ्या रात्री त्याच खिडकीशी उभे राहावे. तो साधारण ५० मिनिटे उशिरा येतो, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त, आणि उगवतानाची त्याची जागाही किंचित सरकलेली असते.

तुम्हाला वेळ मिळेल तेव्हा पुन्हा लिहा. ते झाड कोणते आहे आणि त्याची कोवळी पाने कोणत्या रंगाची आहेत, हे मला जाणून घ्यायचे आहे.